निकालावर वेतन : शिक्षक आणि सरकार यांच्या कलहाचें एक जुनें मूळ

२३ ऑक्टोबर २०१७ रोजीं महाराष्ट्र शासनाच्या शालेय शिक्षण विभागानें एक निर्णय काढला. बारा वर्षें सेवा झालेल्या शिक्षकास वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षें झालेल्यास निवडश्रेणी द्यावयाची, ही व्यवस्था चट्टोपाध्याय आयोगाच्या शिफारशीवरून आपल्या राज्यांत १९८६ पासून लागू होती. निवडश्रेणीस पदांची मर्यादा असे. परंतु एरव्हीं सेवाकाल, अर्हता आणि प्रशिक्षण यांपलीकडे शिक्षकाकडून कांहीं मागितलें जात नसे. नव्या निर्णयानें त्यांत एक कलम घातलें. पहिली ते आठवीच्या शिक्षकास ही श्रेणी हवी असेल तर त्याची शाळा 'प्रगत' ठरलेली असली पाहिजे, आणि 'शाळासिद्धि' या मूल्यमापनांत ती 'अ' श्रेणींत आली पाहिजे. नववी-दहावीच्या शिक्षकास हवी असेल तर त्या वर्गांचा निकाल शेंकडा ८० हून अधिक असला पाहिजे. पुढील महिन्याच्या आरंभींच जिल्ह्याजिल्ह्यांतून शिक्षकांचे मोर्चे निघाले.

त्या दिवसांत पुष्कळांच्या तोंडीं एकच वाक्य होतें : मास्तरांना काम नको, नुसता पगार हवा. वाशीम-पुसद रस्त्यावरील आमच्या अनसिंगच्या बसथांब्यावर तें प्रस्तुत लेखकानेंही ऐकलें. त्या वाक्यांत तथ्य किती व अन्याय किती, हें ठरवावयाचें तर २०१७ पासून बरेंच मागें जावें लागतें. शिक्षकाच्या पोटाची दोरी मुलांच्या निकालास बांधून पाहण्याचा प्रयोग आपल्याकडे नवा नाहीं. त्याचा थोडा मागोवा घ्यावा एवढाच या लेखाचा हेतु. लेखक त्या वेळीं एका माध्यमिक शाळेंत संस्कृत शिकवीत होता आणि ८० टक्क्यांचें कलम त्याच्याही वर्गावरून गेलेलें आहे. तेव्हां तो सर्वस्वी तटस्थ आहे, असा त्याचा दावा नाहीं.

इंग्रजी अमलापूर्वीं गांवच्या पंतोजीचें उत्पन्न मुलांच्या आईबापांकडून येई. कोणी आणा-दोन आणे देई, कोणी धान्य घाली, सणावारीं शिधा मिळे. मूल शिकलें कीं नाहीं याचा निवाडा बाप घरींच करी. हिशेब तपासणारा तिसरा कोणी त्यांत नव्हता. सरकारी पैसा शाळेंत आला तसा हा तिसरा माणूसही आला.

तो प्रथम आपल्याकडे आला नाहीं, इंग्लंडांत आला. १८६२ सालीं रॉबर्ट लो याच्या पुढाकारानें तेथें जें नवें शिक्षणविधान अमलांत आलें, त्यान्वयें शाळेचें अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन व गणित या तीन विषयांत तपासनीसापुढें किती मुलें उतरलीं यावर ठरूं लागलें. ही पद्धति स्वस्त तरी होईल, नाहीं तर कार्यक्षम तरी होईल, असें लोचें समर्थन होतें. मॅथ्यू आर्नल्ड हा कवि आणि टीकाकार स्वतः शाळातपासनीस होता. शिकविणें यांत्रिक होत चाललें आहे, हें तो आपल्या अहवालांतून पुनःपुनः सांगत राहिला. १८७० सालीं तेथील प्राथमिक शिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली व निकालावरील अनुदान मोडणें हा तिच्या प्रमुख हेतूंपैकीं एक होता. शतक संपण्यापूर्वीं ती पद्धति मोडलीही. शिक्षकसंघटना ही संस्था कांहीं अंशीं या एकाच भांडणाचें अपत्य आहे, हें आपल्याकडील मोर्च्यांचा विचार करतांना ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

मुंबई इलाख्यांत सर अलेक्झांडर ग्रँट हे शिक्षणखात्याचे संचालक असतांना, १८६५-६६ च्या सुमारास, खासगी शाळांच्या अनुदानाचे नियम याच तत्त्वावर बांधले गेले. वऱ्हाड तेव्हां निराळ्या कारभाराखालीं होतें. १८५३ च्या तहानें तें निजामाकडून इंग्रजांच्या हातीं आलेलें, व मध्यप्रांतास तें १९०३ सालीं जोडलें गेलें. म्हणून मुंबईचे नियम वाशीमलाही जसेच्या तसे लागू होते असें समजूं नये. मात्र अखेरचा निर्णय साऱ्या हिंदुस्थानासाठीं एकच झाला. लॉर्ड कर्झनच्या सरकारनें ११ मार्च १९०४ रोजीं शिक्षणविषयक जो ठराव प्रसिद्ध केला, त्यांत निकालावर अनुदान देण्याची रीत टाकून द्यावी असें ठरलें. कर्झनसारख्या, कोणत्याही संघटनेची भीड न बाळगणाऱ्या माणसानें हें ठरविलें, ही गोष्ट बोलकी आहे.

या दोन टोकांच्या मध्यें एक साक्ष आहे, आणि ती आपल्या घरची आहे. १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं जोतीराव फुले यांनीं हंटर आयोगापुढें जें निवेदन सादर केलें त्यांत खेड्यांतील शिक्षकाविषयीं त्यांनीं बारकाईनें लिहिलें आहे. फुले हे शिक्षकांचे वकील नव्हते. त्या वेळच्या ब्राह्मण शिक्षकवर्गावर त्यांनीं कडक टीका केली आहे. तरीही त्यांची मागणी अशी कीं, शिक्षकाचें वेतन १२ रुपयांखालीं असूं नये, मोठ्या गांवीं तें १५ किंवा २० असावें. आणि ज्या शिक्षकाचीं पुष्कळ मुलें परीक्षेंत उतरतील त्यास उत्तेजन म्हणून वेतनाखेरीज निराळा भत्ता मिळावा. 'वेतनाखेरीज' या एका शब्दांत सारा भेद आहे. फुले यांनीं निकालाला किंमत दिली. पण ती पोटाच्या खालच्या पायरीला हात न लावतां दिली. लोनें नेमकी ती पायरीच काढून घेतली होती, आणि २०१७ च्या निर्णयानेंही, ज्या वाढीवर शिक्षकानें आपल्या प्रपंचाचा हिशेब बांधलेला होता, तीच निकालास बांधली.

त्याच निवेदनांत आणखी एक सूचना आहे, आजच्या शिक्षकाला चमकविणारी. गांवच्या हिशेबाची तपासणी, दस्तऐवजांची नोंदणी, टपाल, मुद्रांकविक्री अशीं कामें शिक्षकाकडे दिलीं तर गांवांत त्याचा मान वाढेल, असें फुले म्हणतात. मतदारयाद्या, सर्वेक्षणें आणि खिचडीचा हिशेब यांनीं बेजार झालेला आजचा शिक्षक 'आम्हांला शिकवूं द्या' म्हणून रस्त्यावर येतो, तेव्हां त्याला हें वाचून हंसावें कीं रडावें तें कळणार नाहीं. पण फुल्यांच्या डोळ्यांपुढें होता तो गावकीच्या बाहेर राहिलेला, बारा रुपयांचाही नसलेला मास्तर. त्याला गांवाच्या कारभारांत जागा मिळावी एवढाच त्यांचा भाव होता.

संस्कृताच्या अभ्यासकाला या सगळ्यांत एक जुनें नाटक आठवल्याशिवाय राहत नाहीं. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रां'त गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांचें भांडण लागतें कीं, श्रेष्ठ कोण? निवाडा असा ठरतो कीं, दोघांनीं आपापली शिष्या पुढें आणावी आणि तिच्या प्रयोगावरून गुरूची परीक्षा व्हावी. यांना फुकट वेतन कशाला द्यावयाचें, झुंज तरी पाहूं, असा विदूषकाचा टोमणाही तेथें आहे. निकालावरून गुरूची परीक्षा पाहण्याचें याहून जुनें उदाहरण सहसा आढळणार नाहीं. परंतु कालिदासानें परीक्षेमागचें इंगित लपविलेलें नाहीं : राजाला मालविका पाहावयाची आहे, आणि त्यासाठीं हें भांडण लावून दिलेलें आहे. गणदासाची शिष्या नाचून जाते, राजाचें काम होतें, हरदत्ताची पाळी पुढें ढकलली जाते. परीक्षा जो घेतो त्याला तींतून काय पाहावयाचें आहे, हा प्रश्न म्हणून आधीं विचारावा लागतो.

आतां आपल्याच मुलुखांतील एक प्रकरण. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास जी शिक्षणपरिषद भरली तींत महात्मा गांधींनीं हस्तोद्योगावर आधारलेल्या शिक्षणाची कल्पना मांडली. मुलांनीं शाळेंत जें उत्पादन करावें त्याच्या विक्रींतून निदान शिक्षकाचें वेतन निघावें, असा त्यांचा आग्रह होता. परिषदेंतच प्रा. के. टी. शहा यांनीं त्यावर आक्षेप घेतले. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अहवाल दिला. तिनें हा उद्योग शिक्षणासाठीं आहे, कमाईकडे ओढ लागली तर शिक्षण मागें पडेल, अशी सूचना देऊन ठेवली व शिक्षकाचें वेतन शक्य तर २५ रुपये असावें, २० हून कमी कधींच नसावें, हेंही नोंदविलें. म्हणजे गांधीजींच्या योजनेंतही शेवटीं फुल्यांचीच पायरी घालावी लागली. सूत किती निघालें यावर मास्तरचें घर चालणार असेल, तर मास्तर मुलांना शिकवील कीं राबवील, हा साधा संशय समितीला पडलेला होता.

त्याच सुमारास मध्यप्रांत-वऱ्हाडांत रविशंकर शुक्ल यांनीं विद्यामंदिर योजना काढली. ज्या गांवीं शाळा नाहीं तेथें कोणी जमीन दान द्यावी, तिच्या उत्पन्नांतून शाळा व गुरुजी यांचा खर्च चालावा, अशी ती योजना. 'मंदिर' या नांवावरून मुसलमान समाजाचा तिला तीव्र विरोध झाला, आणि नोव्हेंबर १९३९ मध्यें मंत्रिमंडळानेंच राजीनामा दिला. ज्यानें वऱ्हाडची शेती पाहिली आहे त्यास वेगळें सांगावयास नकोच, कीं पावसावर अवलंबून असलेल्या पगारावर नोकरी करणें म्हणजे काय. कोरडवाहू कपाशीचा मालक आणि त्याच्या मुलांचा शिक्षक, दोघेही एकाच आभाळाकडे पाहत बसले असते.

स्वातंत्र्यानंतर प्राथमिक शिक्षकाचा धनी वारंवार बदलला. १९४८ मध्यें आमच्याकडे जनपद सभा आल्या. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा. या दुसऱ्या बदलास आमच्या भागाचा हात लागलेला आहे, कारण ज्या समितीच्या अहवालावर जिल्हा परिषदांचा कायदा झाला तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक होते, आणि नाईकांचें पुसद येथून याच रस्त्यानें पुढें लागतें. वेतन राज्य सरकारचें, हुकूम जिल्हा परिषदेचा आणि तपासणी शिक्षणखात्याची अशी त्रिस्थळी तेव्हांपासून शिक्षकाच्या नशिबीं आली. विधान परिषदेंत शिक्षकांचे प्रतिनिधि असतात खरे. पण घटनेच्या १७१ व्या कलमाप्रमाणें माध्यमिक शाळेच्या खालचा शिक्षक त्यांस मत देऊं शकत नाहीं. सभागृहांत ज्याला स्वतःचा आवाज नाहीं त्यानें रस्त्यावर आवाज काढला तर त्यांत आश्चर्य नाहीं. त्या आवाजाचें बळ १४ डिसेंबर १९७७ पासून चाललेल्या ५४ दिवसांच्या संपांत दिसलें. त्यांत शिक्षक सरकारी नोकरांच्या बरोबरीनें उतरले होते. परंतु तो महागाईभत्त्याचा संप होता, शिक्षणपद्धतीचा नव्हे, म्हणून त्याच्यांत येथें शिरत नाहीं. लेखक तेव्हां विद्यार्थी होता आणि शाळेला कुलूप पाहून त्याला आनंद झाला होता, एवढेंच प्रामाणिकपणें नोंदवितो.

पुनः २०१७ कडे वळूं. जून २०१५ मध्यें शासनानें 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू केला, त्याच वर्षीं विद्यार्थ्यांची माहिती 'सरल' या संगणकीय प्रणालींत भरण्यास आरंभ झाला, आणि नोव्हेंबरांत केंद्र सरकारचा 'शाळासिद्धि' कार्यक्रम निघाला. यांपैकीं कोणतीही कल्पना मुळांत वाईट नाहीं. मूल वाचतें कीं नाहीं हें पाहावें, यास कोण नाहीं म्हणेल? वाद माहितीचा नव्हता. त्या माहितीवर काय टांगलें याचा होता. शाळासिद्धींत सात क्षेत्रें आणि ४६ मानकें आहेत. त्यांतील पहिलेंच क्षेत्र शाळेच्या साधनसामग्रीचें आहे : आवार, क्रीडांगण, वर्गखोल्या, वीज, ग्रंथालय, प्रयोगशाळा, उतरता मार्ग, पाणी, स्वच्छतागृहें. यांपैकीं एकही गोष्ट शिक्षकाच्या अधिकारांतील नाहीं. जिल्हा परिषदेनें भिंत बांधली नाहीं म्हणून जिल्हा परिषदेच्याच नोकराची वेतनश्रेणी अडावयाची, असा त्या कलमाचा अर्थ होत होता. ग्रँटच्या नियमांत निदान मुलाचें वाचन तरी शिक्षकाच्या हातचें होतें.

माध्यमिक शाळांतील ८० टक्क्यांची अट याहून सूक्ष्म होती आणि म्हणून अधिक घातक. येथें एक गोष्ट नमूद करणें लेखकाला भाग आहे. शाळेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. नववीचा निकाल ८० च्या वर हवा म्हणून कच्च्या मुलास नापास करतां येईना. दहावीचाही हवा म्हणून त्याला वर घालतां येईना. या पेचांतून एकच वाट उरे, आणि ती म्हणजे तें मूल पटावरच नसणें. पालकास बोलावून सांगावयाचें कीं, मुलाचा दाखला काढून घ्या, पुढें सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवूं. आमच्या नववींत असा एक मुलगा होता. आईबाप ऊसतोडीला जाणारे; दिवाळीनंतर तो वर्गांत अधूनमधून दिसे. गणित आणि इंग्रजी दोन्ही कच्चीं. पण 'देव' शब्द चालवावयास सांगितला कीं सातही विभक्ति एका दमांत म्हणून संबोधनावर थांबे आणि इकडेतिकडे पाही. शाळेंतील दोघां सहकाऱ्यांचीं बारा वर्षें त्याच सालीं भरत होतीं. २०१८ च्या फेब्रुवारींत मुलाचा बाप दाखल्यासाठीं आला. त्याला कोणी दटावलें नाहीं. सर्वजण त्याच्याशीं फार गोड बोलले. अर्जावर कारण 'पालकांचें स्थलांतर' असें लिहिलें गेलें, आणि तें खोटेंही नव्हतें. त्या अर्जावर वर्गशिक्षक म्हणून जी सही आहे ती प्रस्तुत लेखकाची. सतरा नंबरचा फॉर्म त्या मुलानें पुढें भरला नाहीं.

आर्नल्डनें आपल्या अहवालांत जें लिहिलें तें आम्ही वर्गांत शिकविलें असतें. करतांना मात्र तें आम्हांला ओळखूं आलें नाहीं. शासनानें हें कलम २०१९ सालीं काढून घेतलें. इंग्लंडांत त्यास तीस वर्षें लागलीं, आपल्याकडे दोनच लागलीं. याचें श्रेय संघटनांना द्यावयासच हवें. बसथांब्यावरील त्या वाक्यांत या बाबतींत तथ्य नव्हतें.

परंतु संघटनांचा प्रत्येक विरोध याच मापानें मोजतां येणार नाहीं, आणि त्याचें उदाहरण त्याच वर्षीं घडलें. २७ फेब्रुवारी २०१७ रोजीं ग्रामविकास विभागानें जिल्हा परिषदांच्या प्राथमिक शिक्षकांच्या बदल्यांचें नवें धोरण जाहीर केलें. त्यापूर्वींच्या बदल्या कशा होत हें ज्यांनीं उन्हाळ्यांत जिल्हा परिषदेच्या व्हरांड्यांत दिवस काढले आहेत त्यांना माहीत आहे. कोणता सदस्य कोणाचा, कोणत्या टेबलावर कोणता कागद अडला, कोणाची पत्नी खरोखर आजारी आणि कोणाची मे महिन्यापुरती, हें सारें शास्त्रच होतें. २०१४ पासून समुपदेशनानें बदल्या होऊं लागल्या, तरी व्हरांडा ओस पडला नाहीं. नव्या धोरणानें शाळांची विभागणी अवघड व सर्वसाधारण अशा दोन क्षेत्रांत केली. अवघड क्षेत्रांत तीन वर्षें काढलेल्यास बदलीचा अधिकार दिला. सर्वसाधारण क्षेत्रांत दहा वर्षें झालेल्यास बदलीस पात्र ठरविलें. आजारी, अपंग, विधवा, परित्यक्ता आणि एकमेकांपासून तीस किलोमीटरांहून दूर असलेलीं पतिपत्नी यांना क्रमानें अग्रहक्क दिला. शिक्षकानें वीस शाळांचा पसंतिक्रम भरावयाचा आणि निवड संगणकानें करावयाची. ज्याची जागा दुसऱ्यानें मागितली त्याला 'खो' बसला असें शिक्षक म्हणूं लागले. खोखोच्या मैदानावरील हा शब्द शिक्षकांनींच दिला, आणि तो इतका चपखल बसला कीं अधिकारीही तोच वापरूं लागले.

या धोरणाविरुद्ध न्यायालयांत दावे गेले, मोर्चे निघाले आणि २०१७ च्या उन्हाळ्यांत बदल्या होऊं शकल्या नाहींत. त्या २०१८ च्या मे महिन्यांत झाल्या. विरोधांतील कांहीं मुद्दे रास्त होते. एकाच वेळीं अर्धी शाळा बदलली तर मुलांनीं कोणाकडे पाहावें? खो बसून ज्यास वीसपैकीं एकही शाळा मिळाली नाहीं अशा 'विस्थापितां'चें काय? परंतु विरोधाचा सूर मुख्यतः सर्वसाधारण क्षेत्रांतून, तालुक्याच्या गांवाजवळून येत होता. ज्यांनीं पंधरा पंधरा वर्षें आडरस्त्याच्या शाळा सांभाळल्या ते याच निर्णयाच्या समर्थनार्थ एकत्र येत होते. पूर्वींच्या पद्धतींत संघटनांच्या पदाधिकाऱ्यांस बदलींत सवलत मिळे, हेंही विसरतां येत नाहीं. माझे मत असें कीं, या प्रकरणीं वशिला नसलेल्या शिक्षकाचा कैवार संगणकानें घेतला आणि संघटनांच्या पुढाऱ्यांनीं घेतला नाहीं. पुढें कांहीं जिल्ह्यांत खोटीं अपंगत्वप्रमाणपत्रें आणि किलोमीटरांचे खोटे दाखले उघडकीस आले. तेव्हां संगणकाला फसविण्याची विद्याही आमच्या बंधूंस लवकरच अवगत झाली, हें खेदानें लिहावें लागतें. ७ एप्रिल २०२१ रोजीं सुधारलेलें धोरण निघालें, पण संगणक राहिला.

म्हणजे दोन भांडणें एकाच वर्षीं, एकाच मोर्च्यांत, एकाच फलकाखालीं चाललीं होतीं, आणि त्यांतील एक न्याय्य होतें, दुसरें बव्हंशीं नव्हतें. बदलीच्या धोरणानें शिक्षकाची गैरसोय केली. त्याच्या वेतनास हात लावला नाहीं, व मुलाशीं असलेल्या त्याच्या नात्यांत सौदा आणला नाहीं. श्रेणीच्या कलमानें तो आणला. संघटनांनीं ही निवड स्वतः केली असती तर त्यांचा आवाज अधिक वजनदार झाला असता. ती न केल्यामुळें बसथांब्यावरील माणसाला दोन्ही सारखींच वाटलीं, आणि त्याचा दोष सर्वस्वी त्याच्याकडे जात नाहीं.

त्यानंतरही ही गांठ वेगवेगळ्या रूपांनीं पुढें येत राहिली आहे. २०२२-२३ मध्यें शिक्षकांचीं पदें ठरवितांना ज्यांचें आधार जुळलें तेवढींच मुलें धरण्याचें ठरलें. बाकांवर बसलेलें मूल, नांवाच्या एका अक्षराच्या फरकानें, गणतींत नाहींसें होऊं लागलें आणि त्याच्याबरोबर शिक्षकाचें पदही डळमळलें. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयानें लहान शाळांवर आणखी संकट आलें, आणि २५ सप्टेंबर २०२४ रोजीं प्राथमिक शिक्षकांनीं सामुदायिक रजा टाकून मोर्चे काढले.

सर्वांत अलीकडचें प्रकरण पात्रतापरीक्षेचें. महाराष्ट्रांत ती प्रथम डिसेंबर २०१३ मध्यें झाली व नव्यानें सेवेंत येणाऱ्यांसाठीं होती. १ सप्टेंबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, ज्यांची सेवा पांच वर्षांहून अधिक उरली आहे अशा जुन्या शिक्षकांनींही ती दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावें, अन्यथा सेवा सोडावी. ५ डिसेंबर २०२५ रोजीं त्याविरुद्ध राज्यांतील शाळा बंद ठेवून मोर्चे निघाले. येथें निवाडा करणें मला सोपें वाटत नाहीं. ही परीक्षा मुलाची नाहीं, भिंतीची नाहीं, शिक्षकाची स्वतःची आहे. अभ्यास करणें त्याच्या हातीं आहे, म्हणून २०१७ च्या कलमाशीं तिची बरोबरी होत नाहीं. शिकविणाऱ्यानें परीक्षेस भ्यावें हें शोभतही नाहीं. उलट, ज्यास सरकारनेंच त्या वेळचे नियम लावून पारखून घेतलें, त्याची सारी नोकरी वीस-पंचवीस वर्षांनीं एका परीक्षेवर ठेवणें, आणि तीही अशा परीक्षेवर कीं जिच्या २०१९-२० च्या निकालांत सात हजारांहून अधिक उमेदवारांचा गैरप्रकार उघड झाला, हें फुल्यांच्या 'वेतनाखेरीज' या शब्दापासून फार दूर आहे.

अनसिंगजवळच्या एका वस्तीशाळेंत माझा एक जुना विद्यार्थी शिक्षक आहे. २००० सालीं सुरू झालेल्या शिक्षणसेवक योजनेंतून, महिना तीन हजार रुपयांवर, तो सेवेंत आला. त्याचीं बारा वर्षें अद्याप उरलीं आहेत. १५० गुणांपैकीं ९० मिळवावयाचे म्हणून हल्लीं तो आठवड्यांतून दोनदां संध्याकाळीं माझ्याकडे येतो. मोर्च्यानंतर आला तेव्हां त्या दिवसाचा पगार कापतील काय, याची चौकशी त्यानें प्रथम केली. मग पिशवींतून वाशीमहून आणलेलें मार्गदर्शक काढून बालमानसशास्त्राचें प्रकरण माझ्यापुढें ठेवलें, आणि आम्ही दोघे तें वाचावयास बसलों.